चेंडू सुटण्याआधी

‘चेंडूवरून नजर काढू नकोस’ हा उपदेश क्रिकेट शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेला असतो. उपदेश चांगलाच आहे. पण फलंदाजाने केवळ येणारा चेंडू पाहून खेळायचे ठरवले, तर त्याच्या हाती किती वेळ उरतो याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. आपण तो मांडून पाहू या.

खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. गोलंदाजाचा पुढचा पाय आणि फलंदाज हे दोघेही आपापल्या यष्टींच्या १.२२ मीटर पुढे असतात असे धरले, तर चेंडूला सुमारे १७.७ मीटर अंतर कापायचे असते. वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३८.९ मीटर वेगाने सुटला, तर भागाकार येतो ०.४५ सेकंद. हवेच्या विरोधामुळे आणि टप्पा पडताना चेंडूचा वेग कमी होतो, हे लक्षात घेऊन आपण सुमारे अर्धा सेकंद म्हणू या. या अर्ध्या सेकंदात चेंडू कोठे पडणार हे ओळखायचे, कोणता फटका मारायचा हे ठरवायचे, पाय हलवायचा, बॅट मागे नेऊन खाली आणायची, आणि तीही नेमकी चेंडूच्या वाटेत. हे कसे जमते?

‘त्याची नजर तेज आहे’, ‘त्याच्या अंगात वीज आहे’ अशी उत्तरे आपण नेहमी ऐकतो. संघ निवडतानाही हाच निकष मनात असतो. चपळ दिसणारी मुले संघात जातात. उरलेल्यांना ‘तू हळू आहेस’ असे सांगून चेंडू आणून देण्याच्या कामाला लावले जाते. ही समजूत कितपत खरी आहे ते प्रयोगाने तपासता येते, आणि त्यातला पहिला प्रयोग वर्गातच करता येण्याजोगा आहे.

एक पट्टी, मग दोन पट्ट्या

३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. एका विद्यार्थ्याने ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबत ठेवावी. दुसऱ्याने आपला अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेच्या दोन बाजूंना, पट्टीला स्पर्श न करता, उघडी ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची. पट्टी किती सेंटिमीटर घसरली ते नोंदवा. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे सूत्र विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. त्यावरून वेळ काढता येतो. १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटर म्हणजे ०.२०, २५ सेंटिमीटर म्हणजे ०.२३ आणि ३० सेंटिमीटर म्हणजे ०.२५ सेकंद. हा झाला प्रतिक्रियाकाल. वर्गातील बहुतेकांचे आकडे ०.२ सेकंदाच्या आसपास घोटाळताना दिसतील.

हा वेळ जातो कोठे? मज्जातंतूंतून संदेश वाहण्यात त्यातला थोडाच भाग खर्च होतो. सर्वांत जलद तंतूंमधून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने जातो, त्यामुळे डोक्यापासून बोटांपर्यंतचे मीटरभर अंतर तो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात कापतो. बराचसा वेळ लागतो तो दृष्टिपटलावरील रासायनिक क्रियांना, मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे होणाऱ्या हस्तांतराला आणि स्नायू आकुंचन पावायला. हा खर्च कोणालाच चुकत नाही. म्हणूनच धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेला धावपटू बाद ठरतो. इतक्या लवकर निघालेला माणूस आवाज ऐकून निघालेला नाही, त्याने अंदाज बांधला होता, असे नियम मानतो.

आता दुसरी पायरी. त्याच विद्यार्थ्याच्या दोन्ही हातांसमोर एकेक पट्टी लोंबत ठेवा. पट्ट्या धरणाऱ्याने कोणतीही एकच, काही ठरावीक क्रम न ठेवता, सोडावी. सुटलेलीच पट्टी पकडायची. दुसऱ्या हाताची चिमूट मिटली तर ती खेळी बाद. दहा वेळा करून सरासरी काढा. पट्टी आता आधीपेक्षा जास्त घसरते. हात तेच, डोळे तेच, पण ‘कोणती?’ हा प्रश्न सोडवायला वेळ गेला. पर्याय वाढतील तसा प्रतिक्रियाकाल वाढतो हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. हिक यांनी १९५२ साली दाखवून दिले.

तिसऱ्या फेरीत पट्टी सोडणाऱ्याने, जी पट्टी सोडायची तिच्याकडे अर्धा सेकंद आधी मान वळवावी. पकडणाऱ्याने हा संकेत ओळखला, की त्याचा आकडा पुन्हा एका पट्टीच्या वेळेजवळ येतो. त्याचे स्नायू काही अधिक वेगवान झाले नाहीत. त्याने प्रश्न सोपा करून घेतला, एवढेच. या लेखात जे सांगायचे आहे त्याचे सार या तीन फेऱ्यांत आले आहे.

चटईखालच्या काड्या

कोणी म्हणेल, आपली मुले सामान्य. कसोटीपटूंची गोष्टच वेगळी. पीटर मॅक्लाउड या ऑक्सफर्डमधील मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच शंका तपासली आणि १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने चटईच्या खेळपट्टीखाली लाकडाच्या अर्धगोल काड्या ठेवल्या. चेंडूचा टप्पा काडीवर पडला की चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे वळे. कोणत्या बाजूला, हे आधी कळण्याचा मार्गच नव्हता. फलंदाजांमध्ये आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले खेळाडू होते. त्यांच्या हालचालींचे जलद चित्रण केले तेव्हा असे दिसले, की टप्पा पडल्यानंतर सुमारे ०.२ सेकंदाच्या आत त्यांच्याही बॅटची दिशा बदलत नव्हती. आपल्या वर्गातल्या पट्टीचा जो आकडा, तोच त्यांचा!

टप्पा बॅटपासून पाच मीटरवर पडला आणि चेंडू त्यानंतर सेकंदाला ३० मीटर वेगाने आला, तर बॅटपर्यंत पोचायला त्याला ०.१७ सेकंद लागतो. म्हणजे टप्प्यानंतर चेंडू काय करील हे पाहून फटका बदलणे सर्वोत्तम फलंदाजालाही शक्य नसते. त्याचा फटका टप्प्यापूर्वीच्या माहितीवर उभा असतो.

मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवून त्यांची नजर कोठे जाते ते नोंदले. तीन वेगवेगळ्या दर्जांच्या फलंदाजांना यंत्रातून चेंडू टाकले गेले. तिघांपैकी एकानेही चेंडूवर सतत नजर ठेवली नाही! चेंडू सुटताना ते त्याकडे पाहत, मग नजर एकदम झेप घेऊन जेथे टप्पा पडणार त्या जागी जाऊन थांबे आणि चेंडू मागून तेथे येई. सर्वांत चांगल्या फलंदाजाची नजर ही झेप सर्वांत आधी घेत होती. टप्प्याची जागा त्याला इतरांपेक्षा लवकर कळत होती.

हॉकीबाबतही असेच दिसले. कॅनडातील संशोधक जॅनेट स्टार्क्स यांनी राष्ट्रीय संघातील खेळाडूंची इतरांशी तुलना केली. साध्या प्रतिक्रियाकालात राष्ट्रीय खेळाडू सरस नव्हते. सरस होते ते खेळाची परिस्थिती ओळखण्यात आणि चित्रफितीत पुढे काय होणार हे सांगण्यात.

चित्रफीत मध्येच थांबवली तर?

मग ही माहिती येते कोठून? ते शोधण्याची एक साधी युक्ती संशोधकांनी १९७० च्या दशकापासून वापरली आहे. प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याचे चित्रण खेळाडूच्या जागेवरून करायचे आणि ते मध्येच थांबवून विचारायचे, ‘चेंडू कोठे जाईल?’ जोन्स आणि माइल्स यांनी १९७८ मध्ये टेनिसच्या सर्व्हिसवर असा प्रयोग केला. रॅकेट चेंडूला लागण्याआधीच चित्र थांबवले, तरी निष्णात प्रशिक्षकांची उत्तरे न खेळणाऱ्यांपेक्षा अधिक बरोबर येत.

या पद्धतीचा सर्वांत पद्धतशीर उपयोग ब्रूस अबर्नेथी आणि रसेल यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनसाठी केला. त्यांनी चित्र पाच वेगवेगळ्या क्षणी थांबवले: रॅकेट शटलला लागण्यापूर्वी ०.१६७ सेकंद, ०.०८३ सेकंद, नेमके लागताना, त्यानंतर ०.०८३ सेकंदांनी आणि अगदी शेवटी. प्रेक्षकाने शटल कोठे पडेल ते कागदावरील मैदानाच्या आकृतीत दाखवायचे. तरबेज खेळाडूंच्या उत्तरांत मोठी सुधारणा झाली ती पहिल्या दोन क्षणांच्या मधल्या काळात. शटल अजून प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आहे, रॅकेट त्याला शिवलेलीही नाही, आणि तरबेज खेळाडूला काहीतरी कळले आहे!

ते काय, हे शोधण्यासाठी त्यांनी चित्रातले काही भाग झाकले. कधी रॅकेट, कधी रॅकेट व हात, कधी डोके, कधी पाय. रॅकेट झाकली तर सर्वांचेच अंदाज बिघडले. पण हातही झाकला तर तरबेजांचे नुकसान आणखी वाढले, नवशिक्यांचे नाही. याचा अर्थ असा, की नवशिके रॅकेटवरच विसंबून असतात. तरबेज खेळाडू रॅकेटबरोबर हातही ‘वाचतो’. आणि हात रॅकेटच्या आधी हलतो.

येथे थोडे भौतिकशास्त्र आहे. कोणताही जोरदार फटका हातापासून सुरू होत नाही. आधी पाय आणि कंबर वळतात, मग धड, मग खांदा, कोपर, मनगट आणि शेवटी रॅकेट. जड भाग आधी फिरतो, त्याची गती पुढच्या हलक्या भागाला मिळते आणि टोकाशी वेग सर्वांत जास्त होतो. चाबकाचे टोक जसे शेवटी कडाडते तसेच. त्यामुळे फटक्याची दिशा बऱ्याच अंशी शरीराच्या जड भागांत आधीच ठरून गेलेली असते. ती लपवायची, तर फटक्याच्या जोरावर पाणी सोडावे लागते. प्रतिस्पर्ध्याचे शरीर एकामागून एक चिठ्ठ्या पाठवत असते. ज्याला पहिली चिठ्ठी वाचता येते त्याला वेळ मिळतो.

२००१ साली अबर्नेथी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्वॉशमध्ये आणखी एक पाऊल टाकले. खेळाडूचे चित्र काढून टाकून त्याच्या सांध्यांच्या जागी फक्त प्रकाशाचे ठिपके ठेवले. चेहरा नाही, कपडे नाहीत. अंधारात हलणारे काही ठिपके. तरीही तरबेज खेळाडूंचे अंदाज नवशिक्यांपेक्षा चांगले आले. म्हणजे ते हालचालीची लय आणि सांध्यांचा परस्परसंबंध ओळखतात.

बघणे वेगळे, दिसणे वेगळे

या संशोधनातील एक निष्कर्ष शिक्षकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. बॅडमिंटनच्या प्रयोगात डोळ्यांच्या हालचालीही नोंदल्या होत्या. तरबेज आणि नवशिके यांची नजर चित्रावर जवळपास सारख्याच ठिकाणी फिरत होती. दोघेही हाताकडे बघत होते. पण एकालाच त्यातला अर्थ लागत होता. मराठी न येणारा माणूस आणि आपण एकाच पाटीकडे पाहतो, दोघांच्या डोळ्यांत सारखीच प्रतिमा पडते, पण वाचतो आपण. फरक डोळ्यांत नसतो, वाचनाच्या सरावात असतो.

हा सराव केवळ पाहण्याचा असतो की करण्याचाही? रोममधील आल्योती आणि सहकाऱ्यांनी २००८ साली बास्केटबॉलच्या फ्री थ्रोची चित्रफीत वेगवेगळ्या क्षणी थांबवून तीन गटांना विचारले, चेंडू जाळीत पडेल की नाही? एक गट खेळाडूंचा, दुसरा प्रशिक्षक व क्रीडापत्रकारांचा, तिसरा नवशिक्यांचा. दुसऱ्या गटाने आयुष्यभर सामने पाहिले होते. तरी सर्वांत लवकर आणि अचूक अंदाज आले ते खेळाडूंचे. चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच, शरीराच्या हालचालीवरून. जी कृती आपण स्वतः हजारदा केली आहे, ती दुसऱ्याच्या अंगात लवकर ओळखू येते. म्हणून फलंदाजाने थोडी गोलंदाजी करणे आणि गोलरक्षकाने थोडे पेनल्टीचे फटके मारणे यात वेळ वाया जात नाही.

शरीराखेरीज परिस्थितीही बोलते. क्षेत्ररक्षण कसे लावले आहे, गुणफलक काय सांगतो, या गोलंदाजाने मागच्या षटकात काय केले, यांवरून जाणता खेळाडू काही शक्यता आधीच बाजूला सारतो. कधी संकेत अगदी अनपेक्षित असतो. आंद्रे अगासी याने निवृत्तीनंतर एका मुलाखतीत सांगितले, की बोरिस बेकर सर्व्हिसपूर्वी जीभ बाहेर काढी आणि तिच्या जागेवरून सर्व्हिस कोठे येणार ते आपल्याला कळे. कठीण काम सर्व्हिस ओळखण्याचे नव्हते. आपण ती ओळखतो हे बेकरच्या लक्षात येऊ न देण्याचे होते, असेही तो म्हणाला.

हुलकावणी

प्रतिस्पर्धीही शहाणा असतो. संकेत वाचले जातात हे कळले की तो खोटे संकेत देऊ लागतो. क्रिकेटमधील गुगली हे त्याचे जुने उदाहरण. हात लेगब्रेकसारखा, चेंडू मात्र उलट वळणारा. इंग्लंडच्या बॉसंकेट याने विसाव्या शतकाच्या आरंभी तो प्रचारात आणला. आपल्या कबड्डीतला चढाईपटू तर अर्धा खेळ हुलकावणीवरच खेळतो. खांदा एका बाजूला टाकतो आणि पाय दुसरीकडे मारतो. उलट खो-खोमध्ये खो मिळालेल्या खेळाडूने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही. म्हणून तेथे पळणारा त्याच्या खांद्यावर डोळा ठेवतो.

हुलकावणीला तोंड देण्याचा मार्ग अंदाज सोडून देणे हा नव्हे. रग्बीपटूंवर जॅक्सन, वॉरन आणि अबर्नेथी यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात, बगल देण्याच्या खोट्या हालचालींना नवशिके जितके फसले तितके तरबेज खेळाडू फसले नाहीत. नेदरलँडमधील साव्हेल्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉलच्या गोलरक्षकांना पेनल्टीची चित्रफीत दाखवून अभ्यास केला. कुशल गोलरक्षक हालचाल करण्याआधी अधिक वेळ थांबत आणि चेंडूजवळ टेकलेल्या, म्हणजे न मारणाऱ्या पायाकडे लक्ष देत. लवकर ओळखणे म्हणजे लवकर उडी मारणे नव्हे. जो लवकर ओळखतो त्याला थांबणे परवडते.

हे शिकवता येते का?

आता कळीचा प्रश्न. ‘डोळ्यांचे व्यायाम’ करून खेळ सुधारतो अशी जाहिरात आपण पाहतो. लुकलुकणारे दिवे पटापट दाबण्याची यंत्रेही मिळतात. अबर्नेथी आणि वुड यांनी २००१ मध्ये अशा सर्वसाधारण दृष्टिव्यायामांची परीक्षा घेतली. रॅकेटच्या खेळातील नवशिक्यांचे गट केले. काही गटांनी खेळाच्या सरावाबरोबर हे व्यायाम केले, एका गटाने त्याऐवजी खेळाविषयी वाचन केले व सामने पाहिले, एका गटाने फक्त सराव केला. शेवटी व्यायाम करणारे इतरांपेक्षा पुढे गेलेले दिसले नाहीत. दिवे दाबण्याचा सराव दिवे दाबायला शिकवतो, गोलंदाजाचा हात वाचायला नाही.

त्या विशिष्ट खेळातील संकेत वाचण्याचा सराव दिला, तर मात्र चित्र बदलते. जर्मनीतील हागेमान आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बॅडमिंटनच्या चित्रफितीत योग्य जागी लाल पारदर्शक ठिपका फिरवला. आधी धडावर, मग हातावर, शेवटी रॅकेटवर. यामुळे नवशिक्यांचे अंदाज सुधारले. मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नवशिक्या हॉकी गोलरक्षकांना पेनल्टी फ्लिकच्या चित्रफितींवर असे प्रशिक्षण दिले. ते पडद्यासमोर तर लवकर निर्णय घेऊ लागलेच, शिवाय प्रत्यक्ष मैदानावरही लवकर घेऊ लागले, आणि अचूकता घटली नाही.

शिकवण्याची रीत कोणती असावी, यावरही काम झाले आहे. डॅमियन फॅरो आणि अबर्नेथी यांनी २००२ मध्ये तरुण टेनिसपटूंच्या एका गटाला संकेत स्पष्ट समजावून सांगितले. दुसऱ्या गटाला संकेतांबद्दल काहीच न सांगता फक्त सर्व्हिसचा वेग ओळखायला लावला. दिशेचा अंदाज दुसऱ्या गटाचा सुधारला! हालचालीकडे लक्षपूर्वक पाहता पाहता मुले नियम शब्दांत न मांडताच शिकली. भाषा आपण अशीच शिकतो, व्याकरण नंतर येते. परंतु सुमारे महिनाभराने पुन्हा तपासले तेव्हा ही सुधारणा टिकलेली नव्हती. पोहण्यासारखे हे एकदा शिकले की झाले असे नाही. वाचनासारखी याची सवय ठेवावी लागते.

आणखी एक सावधगिरी. बोट दाखवून किंवा ‘डावीकडे’ असे बोलून अंदाज सांगणे आणि अंग त्या दिशेला हलवणे या एकच गोष्टी नव्हेत. पडद्यावरचा सराव मैदानाला पूरक आहे, त्याची जागा तो घेऊ शकत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गोलंदाजीच्या यंत्रासमोरचा सराव हा खराखुरा फलंदाजीचा सराव वाटतो; पण यंत्राला खांदा नसतो, मनगट नसते. यंत्रासमोर आणि गोलंदाजासमोर खेळताना फलंदाजाच्या हालचालींच्या वेळा बदलतात असे आढळले आहे. तंत्र घोटवायला यंत्र ठीक; वाचायला माणूसच समोर हवा.

शाळेत काय करता येईल?

ज्या शाळेत यंत्रे नाहीत तिचे या बाबतीत फारसे अडत नाही. साधा मोबाईल पुरतो. पुढील उपक्रम विज्ञान आणि खेळ या दोन्ही तासांना मिळून करावा.

एक. फेकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर, पकडणाऱ्याच्या जागी मोबाईल ठेवा. त्याने जोराने २० चेंडू फेकावेत: १० डावीकडे, १० उजवीकडे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. बॅडमिंटनची किंवा व्हॉलीबॉलची सर्व्हिसही चालेल.

दोन. प्रत्येक चित्रण चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणाच्या थोडे आधी थांबवा. मोबाईलवर सेकंदाला ३० चित्रे घेतली असतील, तर पाच चित्रे आधी म्हणजे ०.१७ सेकंद आधी. प्रत्येक विद्यार्थ्याने ‘डावा’ की ‘उजवा’ ते वहीत लिहावे, बोलू नये.

तीन. उत्तरे तपासा. डोळे मिटून लिहिले तरी २० पैकी सरासरी १० बरोबर येतीलच. पण निव्वळ नशिबाने १५ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते. पन्नास जणांच्या वर्गात एखाद्याला ते दैवयोगानेही जमेल, म्हणून अशा विद्यार्थ्याची परीक्षा नव्या २० फेकींवर पुन्हा घ्यावी. संभाव्यतेचा धडा येथे आपोआप होतो.

चार. कागदाची पट्टी पडद्यावर धरून कधी हात, कधी धड, कधी पाय झाका. कोणता भाग झाकल्याने गुण घसरतात? संकेत कोठे आहे हे मुले स्वतः शोधतील.

पाच. आता सराव. थांबवा, अंदाज घ्या आणि लगेच पुढचे दाखवा. आपला अंदाज बरोबर की चूक हे तत्काळ कळणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटे द्या. फेकणारे बदलत राहा, नाहीतर मुले एकाच मित्राच्या खोडी शिकतील. डावखुऱ्यांना मुद्दाम घ्या. शेवटी नव्या चित्रणावर परीक्षा घ्या आणि ज्यांनी सराव केला नाही अशा गटाशी तुलना करा. तुलनेचा गट नसेल तर सुधारणा कशामुळे झाली ते सांगता येत नाही.

सहा. मग मैदानावर या. पाहणाऱ्याने उत्तर लिहू नये. खऱ्या फेकीवर त्या बाजूला पाऊल टाकावे.

या उपक्रमाबरोबर पट्टीच्या प्रयोगातील प्रत्येकाचा आकडाही मांडा. एका रकान्यात प्रतिक्रियाकाल, दुसऱ्यात अंदाजाचे गुण. ज्याची पट्टी सर्वांत कमी घसरली तोच अंदाजातही पहिला आला का, ते मुलांनाच पाहू द्या. आम्हांला या उपक्रमातला हा तक्ता सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कारण प्रश्न केवळ सामने जिंकण्याचा नाही. ‘अंगातच नाही’ असे एकदा म्हटले की शिकवण्याची जबाबदारी संपते. मूल मैदानाच्या कडेला बसते आणि ज्या सरावातून वाचन येते तो सरावच त्याला मिळत नाही. चपळ ठरवलेल्या मुलाला मात्र रोज खेळायला मिळते, रोज नवे हात आणि नवे खांदे पाहायला मिळतात आणि वर्षभराने तो खरोखरच पुढे गेलेला असतो. मग आपण म्हणतो, ‘पाहा, आमची निवड बरोबर होती!’ शरीराची ताकद, उंची, धावण्याचा वेग यांत माणसामाणसांत फरक असतात, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या गुणाला आपण ‘तेज नजर’ म्हणतो त्याचा मोठा भाग वाचनासारखा कमावलेला असतो. वाचन न येणाऱ्या मुलाला आपण पुस्तकापासून दूर ठेवत नाही. खेळाच्या तासाला संघ पाडताना कडेला उरणारी दोन-चार मुले या सत्रात आधी मैदानात घ्या. त्यांच्यासमोर रोज वेगळा गोलंदाज द्या आणि चेंडू सुटण्याआधी विचारा, ‘कोठे येईल?’